लिव्हरवरतं शेवाळ

जाऊ विहिरीच्या कठड्याला टेकून बसली होती. गाऊनवर पुढे सगळी हिरवी ओकारी. डोळे इतके पिवळे, की बुबुळांभोवती कुणी हळद फासली आहे असं वाटावं. मी हाक मारली, खांदा धरून हलवला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नळ गेला काय गं?"

आमच्या घराला नळ नाही. नळ तिच्या मुंबईच्या चाळीत होता आणि ती चाळ सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. म्हणजे आपण कुठे बसलोय हेच तिला कळत नव्हतं, आणि समोर कोण उभं आहे हेही.

शेजारी मिक्सरचं लहान भांडं पडलं होतं. तळाला हिरवा लगदा. नाकाशी नेलं तर ओल्या भिंतीचा वास आला.

"काय प्यालीस तू?"

"लिव्हरवरतं," ती म्हणाली आणि तिनं मान छातीवर टाकली.

अशा वेळी बायका रडतात. मला आधी राग येतो. मी तिच्या गालावर चापट्या मारल्या, पाणी मारलं. ती नुसती कण्हली. मग मी घराकडे तोंड करून नातीला ओरडले, की नाक्यावर जा आणि मिळेल ती मिनीडोर घेऊन ये. नात धावत आली. भांड्यात बघितलं आणि तिथंच खांबासारखी उभी राहिली.

"आजी, हे माझं लिव्हरवर्ट आहे."

"तुझं असो नाहीतर माझं. रिक्षा आण."

ती पळाली. मी जावेचा गाऊन पुसला, तिला आडवी केली, आणि रिक्षा येईपर्यंत मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या तिला दिल्या. तिनं एकीलाही उत्तर दिलं नाही. तेव्हा मला भीती वाटली. लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून ती कधी माझ्या बोलण्यावर गप्प बसली नव्हती.

हे लिव्हरवर्ट म्हणजे काय आणि ते माझ्या जावेच्या पोटात कसं गेलं, ते आता सांगते.

आमचं घर चौलच्या पुढे, नारळी-पोफळीच्या वाड्या संपून भाताची खाचरं सुरू होतात तिथं. घरात आम्ही दोघी जावा. दोघींचे नवरे गेले. मी लग्न होऊन आले ती इथंच राहिले. भात लावला, लोकांच्या वाडीत सुपाऱ्या सोलल्या. शाळा चौथीपर्यंत झाली होती, ती मला पुरली. जाऊ मुंबईची. तिथंच जन्मली, तिथंच वाढली, नवरा गोदीत होता. तो गेल्यावर आणि मुलांची लग्नं झाल्यावर ती गावाला आली, महिनाभर राहते म्हणाली आणि राहिलीच. ती मला बाय म्हणते, कारण मी थोरली. मी तिला नुसतं गो म्हणते.

मुंबईची माणसं गावाला येऊन राहिली की गावच्या माणसांपेक्षा जास्त गावची होतात. आमची विहीर आजेसासऱ्यांनी खणली. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, म्हणून खणली. आम्ही दीक्षा घेण्याच्याही आधीची गोष्ट. जांभा फोडत ते खाली गेले आणि आजेसासूनं टोपलीनं माती वर काढली. हे मी सासूकडून एकदा ऐकलं आणि कळशी घेऊन कामाला लागले. जावेनं ते माझ्याकडून ऐकलं. आता पावसाच्या तीन महिन्यांच्या वर्षावासात विहारातलं वाचन संपून चहा आला की ती दर वर्षी ते सगळ्यांना सांगते, टोपलीसकट. ऐकणाऱ्याला वाटावं टोपली हिच्याच डोक्यावर होती.

मला विहीर म्हणजे विहीर. पावसात तिचं पाणी गढूळ होतं. वरच्या अंगाला आता कॉटेजवाल्यांचा संडासाचा शोषखड्डा झालाय. पावसाळ्यात मी माझं पाणी उकळून घेते. जाऊ घेत नसे.

"उकळून पानी मरतं, बाय," ती म्हणायची. "चव जाते."

"चव जाऊ दे. तू राहा."

"आजेसासऱ्यांनी काय उकळून प्यायलं?"

आजेसासरे कशानं गेले हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, हगवणीनं. पण विहारात सांगायच्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

अशा घरात माझी नात आली. माझ्या मुलीची मुलगी, पनवेलला कॉलेजात. शेवटच्या वर्षाला तिला काहीतरी शोधून लिहायचं होतं, त्याला ती प्रोजेक्ट म्हणते. पावसाळा सुरू झाल्यापासून दर सुट्टीला ती बॅग घेऊन यायची. बॅगेत भिंग, बाटल्या, मोजपट्टी, आणि खायला मात्र काही नाही.

"कशाचं गं प्रोजेक्ट?" ती पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं.

"तुलना आहे, आजी. एक बेडूक आणि एक लिव्हरवर्ट."

"ते दुसरं काय?"

"विहिरीच्या आतल्या दगडांवर ते हिरवं चपटं असतं ना, ते."

"शेवाळ."

"शेवाळ नाही. शेवाळ वेगळं, हे वेगळं. हे बघ, याला असे फाटे फुटतात, आणि हे दगडाला झोपून असतं."

"पाय घसरला की दोन्ही सारखंच."

ती हसली, पण चिकाटी सोडली नाही. मला बसवून समजावलं. बेडूक जमिनीवर फिरतो, पण अंडी घालायला त्याला पाणी लागतं. हे लिव्हरवर्टही तसंच. पाण्यातून जमिनीवर आलं, पण नराचं बीज मादीपर्यंत पोहत जातं, त्याला निदान थेंबभर पाणी हवंच. दोघांना जमीनही पाहिजे आणि पाणीही पाहिजे. पुस्तकात त्याला उभयचर म्हणतात. बेडूक प्राण्यांमधला उभयचर आणि हे झाडांमधलं.

जाऊ ओटीवर सुकट निवडत होती. तिथूनच म्हणाली, "म्हंजे मुंबईला गेलेल्या पोरांसारखं. राहायला तिकडं, लग्नाला मात्र गावाला."

"एकदम करेक्ट, धाकटी आजी," नात म्हणाली आणि तिनं ते लिहूनच घेतलं. त्या दिवसापासून जावेला वाटायला लागलं की प्रोजेक्टमध्ये तिचाही हात आहे.

मला विचाराल तर बेडूक आणि शेवाळ यांची तुलना कुणी करू नये. एक ओरडतो, एक ओरडत नाही. एक माशा खातो, दुसरं काही खाताना दिसत नाही. एकाला धरायला गेलं तर पळतो, दुसरं जिथं असतं तिथंच. पण नातीचं म्हणणं, वेगळं असतं ते सगळ्यांना दिसतं, सारखं काय ते शोधायचं असतं. कातडीचं बघ म्हणाली. दोघांची कातडी पातळ, पाणी थेट आतबाहेर करते. उन्हाळ्याचं बघ. बेडूक चिखलात जाऊन निजतो, हे दगडावर गुंडाळून काळं पडतं, मेल्यासारखं, आणि पाणी लागलं की परत हिरवं. हे मात्र खरं होतं. मी दर वर्षी काथ्यानं घासून विहिरीच्या पायऱ्या साफ करायची आणि दर वर्षी ते परत यायचं. माझा वैताग म्हणजे तिचा अभ्यास.

आता घासायची बंदी झाली. नातीनं खडूनं दगडांवर चौकोन आखले. इथं पाय ठेवायचा नाही, इथं हात लावायचा नाही. मी गुडघ्यानं अधू बाई, मला घसरड्या पायरीवरून जायचं आणि तेही चौकोन चुकवून. मी म्हटलं, मी पडले तर माझीही तुलना कर. जाऊ मात्र चौकोनांची राखण करायची. शेजारची बाई बादली घेऊन आली तर तिला म्हणायची, "जपून गो, आमचं शास्त्र चाललंय तिथं."

बेडूक तिनं निवडला तो आमच्या पन्हळीतला. विहिरीवर धुणं होतं, त्याचं पाणी एका पन्हळीतून खाचरात जातं. तिथं एक मोठा बेडूक राहतो, कोंबडीचं पिल्लू गिळेल एवढा. पावसाच्या सुरुवातीला तो लिंबासारखा पिवळा झाला होता आणि गळ्याशी दोन निळे फुगे फुगवून ओरडत होता. नातीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून आम्हाला दाखवला.

"हळद लागलीय मेल्याला," जाऊ म्हणाली.

"तेच आहे. लग्नासाठीच पिवळा होतो. काही दिवसांनी परत मातकट."

"नवरे तसेच," मी म्हटलं.

तिघी हसलो. हे सांगते कारण पुढे या फोटोवरनं काय काय झालं.

मध्ये एकदा मी रेवदंड्याच्या बाजाराला गेले होते. तेवढ्यात पंचायतीचा माणूस जंतू मारायला विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घेऊन आला. नात म्हणाली, पावडर टाकली तर बेडकाची पिल्लं मरतील, माझं काम संपेपर्यंत थांबा. जाऊ म्हणाली, पावडरनं चहाला दवाखान्याचा वास येतो, न्या परत. त्यानं नेली. मी आले तर दोघी कोंबडं मारल्यासारख्या खुशीत. मी म्हटलं, चहाला वास आला तर चहा वाईट होतो, पाणी वाईट झालं तर माणूस. जाऊ म्हणाली, "बाय, तुला सगळ्यात काळंच दिसतं."

गणपती झाले. पाऊस ओसरत आला आणि जाऊ जेवेनाशी झाली. सुकटीचा वास नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे. मग लघवी चहासारखी, मग डोळे पिवळे. मी म्हटलं, दवाखाना. ती म्हणाली, कावीळ दवाखान्यानं जात न्हाय, पथ्यानं जाते.

पथ्य म्हणजे पिवळं वर्ज्य. हळद नाही, वरण नाही, तेल नाही. नुसता पेजभात आणि उसाचा रस. तेवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण ती पिवळं बघायलाही तयार नव्हती. दारात झेंडू होता, तो तोडून टाकायला लावला. माझ्याकडे एक पिवळं पातळ आहे, अंगावरचं, रोजचं. ते नेसून मी तिला पेज द्यायला गेले तर तोंड फिरवलं.

"बाय, ते पातळ बदल."

"मी बदलणार नाही. तू दवाखान्यात चल."

"तुझ्या पातळानं माझी कावीळ वाढेल."

"वाढू दे. मग तरी चलशील."

तिनं पेज घेतली नाही. मी वाटी तिथंच ठेवून आले. अशानं माणूस बरं होत नाही हे मला कळत होतं, पण ती कुणाचं ऐकते?

शनिवारी नात आली. तिनं धाकट्या आजीचे डोळे बघितले आणि तिचाच चेहरा पांढरा झाला. तिलाही पावडरीची आठवण झाली असणार. ती सांगायला लागली की कावीळ म्हणजे लिव्हरला सूज, घाणेरड्या पाण्यातून येते, पातळाचा काही संबंध नाही. जाऊ उशीला टेकून ऐकत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पान्याचं सांगू नको. बाय पण त्याच विहिरीचं पानी पिते. तिला का न्हाय झाली?"

"आजी उकळून पिते."

"आंघोळ काय उकळून करते? चूळ काय उकळून भरते? पान्याचं न्हाय. त्या बेडकाचं हाय. तू मला फोटो दाखवलास. तेव्हा तो पिवळा होता. आता बघ जा पन्हळीत, मातकट झालाय. मग पिवळं गेलं कुठं? कुठं तरी जानारच ना?"

नातीला हसू आलं. मला आलं नाही. कारण जावेनं हे गमतीनं सांगितलं नव्हतं. तिनं अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब लावून ठेवला होता.

मी ठरवलं, उद्या मिनीडोर दारात आणायची आणि तिला उचलून आत घालायची. तसं सांगूनही टाकलं. जावेनं चादर अंगावर ओढून घेतली. मला वाटलं, नमली.

संध्याकाळी नात कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आमच्या विहिरीत लिव्हरवर्ट भरपूर आहे, आत्ता मस्त ताजं आहे, असं काहीतरी. फोन ठेवल्यावर जावेनं तिला हाक मारली. मी चुलीपाशी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय गो, त्या शेवाळाला तू काय म्हनालीस?"

"लिव्हरवर्ट."

"लिव्हरवरतं?"

"हो," नात म्हणाली. डोळे मोबाइलमध्ये.

"इंग्रजीत पन तेच म्हनतात?"

"इंग्रजीतलंच नाव आहे ते. जुन्या काळी लोकांना त्याचा आकार लिव्हरसारखा वाटायचा, म्हणून लिव्हरच्या आजारावर द्यायचे, पण—"

आणि तिचा फोन परत वाजला. पणच्या पुढचं तिनं दारात जाऊन दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं.

आपल्याकडे तापावरची गोळी असते, खोकल्यावरचा काढा असतो. ज्यावर चालतं त्याचंच नाव. माझ्याही कानाला ते लिव्हरवरतं असंच लागलं होतं, पण मला लिव्हरचं काही नव्हतं म्हणून मी पुढे विचार केला नाही. जावेला होतं. तिच्या दृष्टीनं सगळं जुळलं. बेडकानं पिवळं दिलं, आणि ते काढून घेणारं तिथंच, त्याच विहिरीत, आजेसासऱ्यांच्या दगडावर. इंग्रजीतही तसंच म्हणतात. शिकलेल्या नातीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता दवाखाना कशाला?

सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकायला मागे गेले. नात झोपली होती. तेवढ्यात ही बाई, जिला आदल्या दिवशी उठून बसवत नव्हतं, भिंतीला धरून विहिरीवर गेली, खडूच्या चौकोनातलं होतं नव्हतं ते सुरीनं खरवडलं, मिक्सरला लावलं आणि विहिरीचंच पाणी घालून प्याली. मिक्सरचा आवाज मी ऐकला. मला वाटलं, नातीनं काही वाटायला घेतलंय. मग मिक्सर बंद झाला, आणि थोड्या वेळानं विहिरीकडून ओकण्याचा आवाज आला.

मिनीडोरवाला दारात आला आणि तिला बघून म्हणाला, "मावशी, सीटवर ओकणार न्हाय ना?"

"ओकायचं तेवढं ओकून झालंय. चल."

अलिबागपर्यंत जावेचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मिक्सरचं भांडं पिशवीत. रस्ता खड्ड्यांचा. एका खड्ड्यात ती "उतरायचं काय दादरला?" म्हणाली. नात समोर बसून रडत होती.

सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. मी भांडं तिच्या टेबलावर ठेवलं. नातीनं रडत रडत सगळं सांगितलं, नाव, त्याचा अर्थ, पणच्या पुढचं राहिलं तेही. मग तिनं तिच्या सरांना फोन लावून डॉक्टरणीला दिला. दोघं बराच वेळ बोलले. डॉक्टरीण मला म्हणाली, हे शेवाळ विषारी असल्याचं सरांना माहीत नाही, पण औषधही नाही, आणि त्याच्यावर विहिरीची सगळी घाण होती. लिव्हर आधीच फार सुजलंय, वय झालंय, अंगातलं पाणी गेलंय. शुद्धीवर नीट आल्या तर बरं. उद्यापर्यंत बघू.

"नाही आल्या तर?" मी विचारलं.

"तर अवघड आहे, आजी."

सरळ बोलली, मला आवडलं. मी तिला विचारून घेतलं की मी तेच पाणी वापरते, मला कसं झालं नाही. ती म्हणाली, तुम्हाला लहानपणी होऊन गेली असेल, एकदा झाली की त्या जातीची परत होत नाही. ह्या मात्र नळाच्या पाण्यावर वाढल्या, म्हणून ह्यांना आता झाली. म्हणजे जावेच्या प्रश्नाला उत्तर होतं. तिला सांगायला ती जागी मात्र नव्हती.

बाहेर बाकावर नात म्हणाली, "आजी, धाकटी आजी गेली तर माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे, तिच्यामुळे आणि त्या शोषखड्डेवाल्यामुळे. तिघांत वाटून घ्या. आता चहा आण."

"मी प्रोजेक्ट सोडून देते."

"एवढं माणूस आडवं केलंस आणि सोडून देतेस? पुरं कर."

ती चहा आणायला गेली. मी आत जाऊन बसले. जावेच्या हाताला सलाईन, ओठ सुकलेले, नाकाचं टोक बारीक झालेलं. झोपेत ती काहीतरी पुटपुटत होती, बादली, रांग, कुणाचा तरी नंबर. मी तिला म्हटलं, नळ आलाय, भरून घे. कशासाठी म्हटलं देव जाणे, आम्ही देव मानतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मोठा मुलगा मुंबईहून आला, तेव्हा मी नातीला घेऊन घरी गेले. पंचायतीच्या माणसाला बोलावलं. तो पावडरीची पिशवी घेऊन आला आणि कठड्यापाशी उभा राहिला.

"मावशी, मागच्या खेपेला तुमच्याच घरानं परत पाठवलं मला."

"ते घर दवाखान्यात पडलंय. टाक तू."

नातीनं माझ्याकडे बघितलं. "आजी, थोडी पिल्लं काढू दे. बादलीभर फक्त."

"हा चहा पिईल तेवढ्यात काढ. मी बेडकासाठी विहीर राखणार नाही."

तिनं बादली सोडली, दोन-तीनदा सोडली. थोडी शेपटीवाली पिल्लं आली, बाकीची खाली गेली. मग त्या माणसानं पावडर कालवून पाण्यात सोडली. नाकात वास गेला, डोळे चुरचुरले. काही वेळानं पिल्लं वर यायला लागली, पांढरी पोटं वर करून. नात कठड्यावर वाकून मोजत नव्हती, नुसती बघत होती. मोठा बेडूक पन्हळीत बसला होता. पावडरीचं सांडलेलं पाणी त्याच्यापर्यंत आलं तसा त्यानं अंग फुगवलं आणि एका उडीत खाचरात गेला. दगडांवरचं हिरवं जिथल्या तिथं राहिलं. पाण्यालगतचं दुसऱ्या दिवशी पांढरं पडलं, वरचं तसंच. जावेनं सुरीनं खरवडलेला चौकोन मध्ये उघडा, लाल.

"हे पण लिही," मी नातीला म्हटलं. "एकाला पाय होते म्हणून वाचला आणि एक उंचावर बसलं होतं म्हणून."

तिनं लिहिलं की नाही माहीत नाही. तिचे हात ओले होते.

दुपारी आम्ही परत दवाखान्यात गेलो. मुलगा बाहेर फोनवर बोलत होता. मी आत गेले. जावेचे डोळे उघडे होते. मी खाटेपाशी उभी राहिले. तिनं मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"बाय," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेलेला. "ते पातळ अजून अंगावरच हाय?"

पिवळं पातळ. घरी गेले होते तरी पावडरीच्या गडबडीत बदलायचं राहूनच गेलं होतं.

"हाय," मी म्हटलं.

"बदल."

मी बाहेर आले. नातीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ओळखलं तिनं. मग दवाखान्याच्या दारातल्या गाडीवर उभी राहून दोन वडापाव खाल्ले. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं.

ती घरी आली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. आता पाणी उकळते, पण तोंड वाकडं करून. नातीचं प्रोजेक्ट झालं, सरांना आवडलं म्हणे. विहारात मात्र जावेनं नवीन गोष्ट सुरू केली आहे. ती लिव्हरवरतं प्याली, भडभडून ओकली, सगळं पिवळं बाहेर पडलं, मग दवाखान्यात नुसतं पडायला नेलं. मी समोर बसलेली असले तरी सांगते. सलाईनचं नाव नाही. पावडरीचं नाव नाही. नातीनं तिला पणच्या पुढचं सगळं नीट समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तुझं पुस्तकातलं बरोबर असंल गो, पन प्याले मी ना?"

मागच्या आठवड्यात वरच्या आळीतली एक बाई वाटी घेऊन दारात आली. भावाला कावीळ आहे, थोडं शेवाळ द्या म्हणाली. मी तिला मिनीडोरवाल्याचा नंबर दिला आणि वाटी हातातून काढून घेतली. ती अजून माझ्याकडेच आहे.

विहिरीतली पिल्लं मेली. बादलीतली नातीनं खाचरात सोडली, त्यांचं काय झालं कळलं नाही. मोठा बेडूक पन्हळीत परत आलाय. खरवडलेल्या चौकोनात कडेकडेनं हिरवं धरतंय. जाऊ ओटीवर सुकट निवडते आहे. ती जगली.